१०४ आठवडे

नेदरलँड्समध्ये आजारी पडलेल्या कर्मचाऱ्याला पहिली दोन वर्षे आजारपणाच्या कारणावरून कामावरून काढता येत नाही. त्या दोन वर्षांत किमान ७० टक्के पगार मालकानेच द्यायचा असतो. तिथे ही मुदत आठवड्यांत मोजतात, १०४ आठवडे. पाय मोडला, कर्करोग झाला किंवा कामाच्या ताणाने माणूस अंथरुणाला खिळला, तरी कायद्याच्या लेखी फरक नाही. मनाचा आजार ‘खरा’ की ‘नाटक’, हे ठरवण्याचा अधिकार साहेबाला किंवा एचआरला दिलेलाच नाही. या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

आइंडहोवन, ॲमस्टरडॅम, हेग या शहरांत पुण्या-मुंबईहून गेलेल्या मराठी इंजिनिअरांची संख्या आता लक्षात येण्याजोगी आहे. ही मंडळी तिथला पगार घेतात, तिथला करही भरतात, पण आजारपणाबाबतच्या सवयी मात्र इथूनच घेऊन जातात. या सवयी इथल्या परिस्थितीने घडवलेल्या आहेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आणि कामाच्या दिवसांच्या हिशेबाने अर्जित रजा मिळते. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) योजनेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते, पण महिना २१,००० रुपयांच्या वर पगार गेला की माणूस त्या योजनेबाहेर पडतो. म्हणजे हिंजवडीतला इंजिनिअर ताणाने कोलमडला तर आधी साठवलेल्या रजा संपवतो, मग बिनपगारी राहतो आणि शेवटी ‘पेपर टाकतो’. मध्ये कुठेतरी ओळखीच्या डॉक्टरकडून ‘व्हायरल फीव्हर’चे सर्टिफिकेटही आणतो, कारण खरे कारण कागदावर आले तर पुढच्या नोकरीतही ते आडवे येईल अशी त्याला धास्ती असते. नेदरलँड्समध्ये यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्याच्याच मुळावर येते.

सुरुवात पहिल्या दिवसापासूनच वेगळी आहे. सकाळी कामाची वेळ होण्याआधी फोन करायचा आणि आजारी असल्याचे कळवायचे. त्या फोनवर वरिष्ठाने काय विचारावे, यालाही मर्यादा आहे. कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या नंबरवर संपर्क होईल, साधारण किती दिवस लागतील, हातातली कोणती कामे दुसऱ्याकडे सोपवावी लागतील, कामाच्या जागी अपघात झाला आहे का, असे मोजके प्रश्न त्याला विचारता येतात. ‘नेमके झाले काय?’ हे विचारता येत नाही. कर्मचाऱ्याने आपणहून सांगितले, तरी ते साधारणपणे फाइलमध्ये नोंदवता येत नाही. मेडिकल सर्टिफिकेट हा प्रकार तर नाहीच. तिथला घरचा डॉक्टर उपचार करतो, पण मालकाला दाखवण्यासाठी दाखला लिहून देत नाही. उपचार करणारा आणि दाखला देणारा एकच असला की रुग्ण त्याच्यापाशीही मोकळेपणाने बोलत नाही, हे त्यामागचे कारण. ज्याने ताणतणावासाठी तापाचे सर्टिफिकेट आणले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

दाखल्याचे काम कंपनी-डॉक्टर करतो. त्याची फी मालक भरतो, पण गोपनीयतेच्या शपथेला तोही इतर डॉक्टरांसारखाच बांधील असतो. तो निदान कळवत नाही. माणूस काय करू शकतो आणि काय नाही, एवढेच मालकाला लिहितो: दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त एकाग्रतेचे काम नको, डेडलाइनचे काम नको, ग्राहकांशी थेट बोलणे नको, सहा आठवड्यांनी पुन्हा पाहू. कंपनीकडे जाणारा कागद इतकाच. त्या डॉक्टरचे मत पटले नाही तर दुसऱ्या कंपनी-डॉक्टरचे मत मागण्याचा हक्क २०१७ पासून कर्मचाऱ्याला आहे. त्याखेरीज कामगार विमा राबवणाऱ्या ‘यूडब्ल्यूव्ही’ या सरकारी संस्थेकडून थोडे शुल्क भरून तटस्थ तज्ज्ञ-अभिप्राय घेता येतो. पगार थांबवल्याविरुद्ध न्यायालयात जायचे असेल, तर हा अभिप्राय सहसा आधी हाताशी असावा लागतो.

व्यवस्था एवढी उदार कशी झाली, याचे उत्तर निव्वळ दयाळूपणात सापडत नाही. १९६७ साली आलेल्या अपंगत्व विम्यात काम न झेपणाऱ्याला पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम सरकारी निधीतून मिळत असे. नको झालेली माणसे कमी करण्याचा सोपा रस्ता म्हणून कंपन्यांनी तो वापरला. माणूस भांडण न होता बाहेर पडायचा, मालकाचा पैसाही जायचा नाही. लाभार्थी दहा लाखांच्या दिशेने निघाले, तेव्हा १९९० मध्ये पंतप्रधान रूड लुबर्स यांनी ‘नेदरलँड्स आजारी आहे’ असे जाहीरपणे म्हटले. त्यातल्या मोठ्या हिश्शाचे आजार मानसिक होते. मग भार हळूहळू मालकावर सरकला. १९९६ मध्ये आजारपणाच्या पहिल्या वर्षाचा पगार मालकाच्या माथी आला आणि २००४ मध्ये दुसऱ्या वर्षाचाही. ज्याच्या खिशातून पैसा जातो, तोच माणसाला पुन्हा उभे करण्याची धडपड करील, असा हा हिशेब आहे आणि बऱ्याच अंशी तो खराही ठरला. नोकरीची हमी केवळ सदिच्छेवर सोडली असती, तर पहिल्या मंदीतच ती वाहून गेली असती.

बरे होण्याच्या वाटचालीचे वेळापत्रक २००२ च्या कायद्याने ठरवले. त्याला बोलीभाषेत ‘द्वारपाल कायदा’ म्हणतात, कारण अपंगत्व विम्याच्या दारात कोणी यायच्या आधी दोन्ही बाजूंनी पुरेसे प्रयत्न झाले की नाही, हे तो तपासतो. सहाव्या आठवड्यात कंपनी-डॉक्टर परिस्थितीचे विश्लेषण लिहितो. आठव्या आठवड्यापर्यंत मालक आणि कर्मचारी मिळून लेखी कृती-आराखडा करतात. त्यानंतर दर सहा आठवड्यांनी भेट. बेचाळिसाव्या आठवड्यात यूडब्ल्यूव्हीला कळवायचे आणि वर्ष भरले की आढावा घ्यायचा. आपल्याच कंपनीत परतणे शक्य दिसत नसेल, तर मालकाने दुसऱ्या कंपनीतही काम शोधून द्यायला हातभार लावायचा. ९३ व्या आठवड्यापर्यंत अपंगत्व विम्याचा अर्ज जातो. त्या वेळी मालकाने पुरेसे केले नाही असे यूडब्ल्यूव्हीला आढळले, तर पगार देण्याची आणि कामावरून न काढण्याची जबाबदारी आणखी एका वर्षापर्यंत वाढते. मालकांना सर्वाधिक धाक याच तरतुदीचा असतो.

बर्नआउटमधून परतणे प्रत्यक्षात कसे दिसते? सुरुवातीचे काही आठवडे झोप, चालणे आणि घरातली साधी कामे. ईमेल फोनवरून काढून टाकलेली असते. मग एका सकाळी ऑफिसात फक्त कॉफी प्यायला यायचे, सहकाऱ्यांशी चार शब्द बोलून घरी जायचे. त्या तासाभराचीही अनेकांना आदल्या रात्री झोप लागत नाही. पुढे आठवड्यातून दोन दिवस दोन-दोन तास: एखादा दस्तऐवज वाचून पाहणे, जुन्या कोडची नीट टिपणे करणे. ज्याने वर्षानुवर्षे अख्खी टीम चालवली, त्याला हे काम बालवाडीतले वाटते आणि तो तिसऱ्याच आठवड्यात ‘मी पूर्ण वेळ येतो’ म्हणू लागतो. चांगला कंपनी-डॉक्टर त्याला तिथेच अडवतो. तास दर दोन-तीन आठवड्यांनी आणि थोडेच वाढवायचे असतात, कारण घाईने परतलेला माणूस पुन्हा कोसळतो आणि दुसऱ्या खेपेला उठायला जास्त वेळ लागतो. अशा वेळी नोकरी शाबूत आहे, ही जाणीव औषधाइतकीच लागते. पुढच्या महिन्याच्या घरभाड्याची चिंता असणाऱ्या माणसाची झोप सुधारत नाही.

हमीची दुसरी बाजूही आहे. झेपेल ते काम देऊनही विनाकारण नाकारले, आराखड्याला सहकार्य केले नाही, तर पगार थांबतो. हट्ट चालूच राहिला, तर नोकरीचे संरक्षणही जाते. वरिष्ठाशी बिनसले म्हणून कामावर जाववत नाही, हा प्रकार आणखी नाजूक. डॉक्टरच्या मते माणूस आजारी नसेल, तर नुसता वाद हा आजार धरला जात नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २००८ च्या निकालात सांगितले, की कामाची परिस्थिती मालकाच्या कारणाने इतकी बिघडली होती की तिथे काम करण्याची अपेक्षाच करता येत नव्हती, हे कर्मचाऱ्याने दाखवले तर पगाराचा हक्क राहतो. मात्र वाद मिटवण्याच्या प्रयत्नांना त्याने साथ दिली पाहिजे. व्यवहारात कंपनी-डॉक्टर अशा वेळी थोड्या दिवसांचा विराम आणि मध्यस्थी सुचवतो. मध्यस्थीला ‘मला त्याचे तोंडही पाहायचे नाही’ असे उत्तर देणारा स्वतःचेच नुकसान करून घेतो.

संरक्षणाला भोकेही आहेत. चाचणी-काळात काढता येते. कंपनीच बंद होत असेल, तर आजारपण आड येत नाही. कामावरून काढण्याचा अर्ज यूडब्ल्यूव्हीकडे पोहोचल्यानंतर आजारी पडलेल्याला ही ढाल मिळत नाही. आणि मुदतीचा करार असेल, तर तो ठरलेल्या तारखेला संपतो. माणूस त्या दिवशी रुग्णालयात असला तरी संपतो. पुढे यूडब्ल्यूव्हीकडून आजारपणाचा भत्ता मिळतो, पण ‘जागा राखून ठेवली आहे’ हा दिलासा संपलेला असतो. परदेशांतून आलेल्यांच्या हाती सुरुवातीला बहुधा असाच वर्षाचा करार असतो. ज्याला ताण सांगण्याची सर्वांत जास्त भीती, त्यालाच सर्वांत कमी संरक्षण, ही या कायद्याची खरोखर खटकणारी उणीव आहे.

पण सगळ्यांत मोठे नुकसान कायद्याच्या भोकातून होत नाही, एका सहीने होते. आजारपणाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात कंपनी कधी कधी प्रेमाने बोलावते आणि पुढे कागद सरकवते: परस्परसंमतीने करार संपवू, तीन महिन्यांचा पगार देऊ, चांगले शिफारसपत्रही देऊ. थकलेल्या माणसाला हे सुटकेसारखे वाटते. मराठी माणसाला तर अधिकच, कारण ‘कंपनीवर बोजा नको’ आणि ‘इज्जतीने बाहेर पडू’ हे दोन्ही विचार त्याच्या मनात आधीच घोळत असतात. आजारी असताना अशी सही केली किंवा राजीनामा दिला, तर १०४ आठवड्यांचा पगार स्वतःच्या हाताने सोडल्यासारखे होते, आणि आजारपणाचा भत्ता नाकारला जाऊ शकतो. बेकारी भत्ता कामाला हजर होऊ शकणाऱ्यासाठीच असतो, म्हणजे तोही नाही. सही झालीच, तर १४ दिवसांत कारण न देता ती मागे घेता येते. कंपनीने कागदात या हक्काचा उल्लेख केला नसेल, तर तीन आठवड्यांत. तेवढ्या दिवसांत कामगार संघटनेचा सल्लागार किंवा वकील गाठायलाच हवा. तसेच साठवलेल्या रजाही आजारपणापोटी खर्च करायच्या नसतात. उलट आजारपणातही रजा साठत जाते.

दोन वर्षे उलटूनही परतणे जमले नाही, तर मालक यूडब्ल्यूव्हीच्या परवानगीने करार संपवू शकतो. तेव्हाही हात हलवत जावे लागत नाही. नोकरीच्या दर वर्षामागे सुमारे एक तृतीयांश महिन्याचा पगार, अशी रक्कम कर्मचाऱ्याला मिळते, आणि ती मालकाला नंतर सरकारी निधीतून परत मागता येते. कमावण्याची क्षमता किमान ३५ टक्क्यांनी घटली असल्याचे ठरले, तर अपंगत्व विम्याचे पैसे सुरू होतात. क्षमता त्याहून कमी घटली असेल, तर बेकारी भत्त्याचा अर्ज करून झेपेल ते काम शोधायचे. कुशल स्थलांतरित म्हणून आलेल्याचा राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. करार संपल्या दिवसापासून त्याला नवी नोकरी शोधायला मोजक्याच महिन्यांची मुदत मिळते.