खबर पोहोचली, पण तिला वाली नव्हता

श्रीलंकेच्या पोलिस खात्यातलं ११ एप्रिल २०१९ चं एक गोपनीय पत्र नंतर जगभर फिरलं. झहरान हाशिम आणि त्याची ‘नॅशनल तौहीद जमात’ ही संघटना आत्मघाती हल्ले करणार, हे त्यात स्पष्ट आहे. चर्च आणि भारतीय उच्चायुक्तालय ही लक्ष्यं दिली आहेत. फरारी झहरानचा भाऊ रात्री कोणत्या वेळी बायकोला भेटायला येतो, हेसुद्धा लिहिलं आहे. आपल्याकडे राज्य पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागात माझी बरीच नोकरी गेली. इतकं नेमकं पत्र माझ्या टेबलावर क्वचितच आलं.

पत्राच्या प्रती गेल्या त्या मंत्री, न्यायाधीश, परदेशी वकिलाती आणि माजी राष्ट्राध्यक्षांना संरक्षण देणाऱ्या पोलिस विभागांकडे. चर्चला कुणी कळवलं नाही. दहा दिवसांनी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबो, निगोम्बो आणि बट्टिकलोआ इथल्या तीन चर्चमध्ये आणि कोलंबोतल्या पंचतारांकित हॉटेलांत स्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसं गेली. आधी कळलं असतं तर प्रार्थना रद्द केल्या असत्या, असं कोलंबोचे आर्चबिशप माल्कम रंजित नंतर म्हणाले. एका फोनचं काम होतं.

मूळ खबर भारताची होती, ४ एप्रिलला दिलेली. हल्ल्याच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळीही भारताने पुन्हा सावध केलं होतं. त्यामुळे ‘गुप्तचर यंत्रणेचं अपयश’ असं म्हणून हा विषय मिटवता येत नाही.

मग खबर वाया का गेली? त्यासाठी मागे जावं लागतं. श्रीलंकेनं मे २००९ मध्ये मुल्लिवायक्कालच्या किनारपट्टीवर तमिळ वाघांचा निःपात केला. युद्ध संपलं, पण युद्धासाठी उभारलेलं लष्करी गुप्तचरांचं जाळं तसंच राहिलं. त्याची नजर उत्तरेकडच्या वन्नी भागातल्या तमिळांवर होती. नोव्हेंबरात हुतात्म्यांसाठी दिवे कोण लावतं, स्मरणसभेला कोण येतं, आत्मसमर्पण केलेला जुना सैनिक कुणाशी बोलतो, याच्या नोंदी वर्षानुवर्षं होत राहिल्या. जिंकलेल्या यंत्रणेला जुना शत्रू सोडवत नाही. त्याची भाषा येते, त्याचे रस्ते पाठ असतात, खबरी तयार असतात आणि मुख्य म्हणजे बजेट त्याच्याच नावावर मंजूर होतं.

याचा सर्वांत वाईट नमुना बट्टिकलोआजवळच्या वावुनतिवूचा. ३० नोव्हेंबर २०१८ ला तिथल्या नाक्यावर दोन पोलिस मारले गेले. लष्करी गुप्तचरांनी बोट दाखवलं ते जुन्या वाघांकडे. एक माजी तमिळ सैनिक पकडला गेला आणि प्रकरण उलगडलं असं सगळे समजले. ईस्टरनंतर कळलं की ते खून झहरानच्या माणसांनी केले होते. माझ्या मते हल्ला रोखण्याची खरी संधी त्या नाक्यावर गेली. खोटी उकल ही न उकलण्यापेक्षा घातक असते, कारण ती शोध थांबवते.

खुणा आणखीही होत्या. डिसेंबरमध्ये मावनेल्लात बुद्धमूर्ती फोडल्या गेल्या. तो माग काढत जानेवारीत पोलिस पुत्तलम जिल्ह्यातल्या एका नारळाच्या बागेत पोहोचले, तर तिथे स्फोटकांचा साठा. या तपासात मदत करणाऱ्या एका मुस्लीम कार्यकर्त्याच्या डोक्यात मार्चमध्ये त्याच्या घरात शिरून गोळी घातली गेली. मुस्लीम कौन्सिलच्या पदाधिकाऱ्यांनी तर काही वर्षं आधीच झहरानबद्दल लष्करी गुप्तचरांना सावध केलं होतं. समाजच येऊन सांगत होता. तरी हल्ल्यानंतर दुकानं जाळली गेली ती साध्या मुसलमानांचीच.

वरती काय चाललं होतं? ऑक्टोबर २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांनी पंतप्रधान विक्रमसिंघे यांना काढून टाकलं. न्यायालयाच्या निकालामुळे डिसेंबरात ते परत आले. पण राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकीचं बोलावणं ना त्यांना, ना पोलिस महानिरीक्षकांना. झहरानच्या मागावर असलेल्या दहशतवादविरोधी तपास विभागाचा प्रमुख वेगळ्याच प्रकरणात अटकेत. अशा घरात खबर कुणाच्या हातात द्यायची?

खात्यातल्या माणसाला आणखी एक गोष्ट माहीत असते. सूचना दोन प्रकारच्या असतात. एक, काही घडू नये म्हणून पाठवलेली. दुसरी, घडलंच तर ‘आम्ही कळवलं होतं’ असं दाखवता यावं म्हणून पाठवलेली. दोन्हींच्या खाली ‘माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी’ हेच असतं. रोज ढिगानं पत्रं येतात, बहुतेक फुसकी निघतात, हे मान्य. पण म्हणूनच नाव, पत्ता, लक्ष्य असलेलं पत्र त्या ढिगातून वेगळं काढायला एक माणूस नेमलेला हवा.

मुंबईत २६/११ च्या आधीही असंच घडलं. समुद्रमार्गे हल्ल्याच्या सूचना येऊन गेल्या होत्या. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनं त्या नोंदवल्या आहेत. त्यानंतर आपण एनआयए उभी केली, किनाऱ्यावर पोलिस ठाणी आणि गस्ती नौका आणल्या. पण आलेल्या सूचनेचं पुढे काय झालं, हे सांगायला कोण बांधील आहे, याचं उत्तर आजही मला दिसत नाही.

श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये ते उत्तर दिलं. सिरिसेनांनी स्वतःच्या खिशातून दहा कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यावी, तत्कालीन पोलिस महानिरीक्षक आणि गुप्तचर प्रमुख यांनी प्रत्येकी साडेसात कोटी, असा आदेश झाला. तो पैसा मृतांच्या कुटुंबांना पुरेसा नाही. पण पत्र पुढे पाठवलं म्हणजे जबाबदारी संपत नाही, एवढं त्या निकालानं ठरवलं.

आपल्या गृहखात्यानं न्यायालयाची वाट पाहू नये. नाव-पत्ता असलेल्या प्रत्येक सूचनेवर एका अधिकाऱ्याचं नाव, मुदत आणि लेखी अनुपालन अहवाल बंधनकारक करावा, आणि विधिमंडळाच्या एखाद्या समितीनं बंद दाराआड का होईना, ते वर्षातून एकदा तपासावं. आमदारांनी येत्या अधिवेशनात एवढं तरी विचारावं.