सहलीच्या यादीतून गळलेली दोन नावं

संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं की आमच्या महिला मंडळात सहलीचे वारे वाहू लागतात. यंदाही तसंच झालं. वाण लुटून झालं, चहा-चिवडा झाला आणि कुणीतरी विषय काढला, ‘‘ताई, यंदा कुठे?’’ वणीच्या सप्तशृंगीला जायचं ठरलं. वही माझ्याच हातात होती. मी भराभर नावं लिहीत गेले.

तेवढ्यात आमच्या शिवणवर्गाची एक मैत्रीण म्हणाली, ‘‘माझं नाव लिहा ताई. पण मी लेकाला घेऊन येईन. त्याला ठेवायला घरी कुणी नाही.’’

एकदम शांतता पसरली. तिचा मुलगा अकरा वर्षांचा. स्वमग्न आहे, म्हणजे ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात ते. मग कुणीतरी अगदी गोड आवाजात म्हटलं, ‘‘अगं, आपलं काही नाही गं. पण एवढ्या गर्दीत त्यालाच त्रास होईल ना!’’ दुसरीनं मान डोलावली. ती बिचारी समजली. ‘‘राहू दे, पुढच्या वर्षी बघू,’’ असं म्हणून तिनं स्वतःच विषय मिटवला. तिच्या शेजारी बसलेल्या एक काकू, लहानपणी पोलिओ झाल्यामुळे कुबडी घेऊन चालणाऱ्या, त्या तर कुणी काही म्हणायच्या आतच बोलल्या, ‘‘माझं धरू नका बाई. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो.’’

आणि मी काय केलं? काहीच नाही. पुढचं नाव लिहिलं. समाजकार्य करते म्हणवणारी मी, वहीत खाली मान घालून बसले. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. नकार कुणीच दिला नव्हता, तरी दोन नावं यादीतून गळली होती. आपल्याकडे नकार असाच दिला जातो, काळजीच्या आवाजात!

दुसऱ्या दिवशी मी त्या मैत्रिणीकडे गेले. मुलगा खिडकीत बसून समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत होता. बोलता बोलता कळलं की ती चार वर्षांत माहेरी गेलेली नाही. माहेर काही सातासमुद्रापार नाही, बसनं साडेतीन तासांचं. चार वर्षांपूर्वी भावाच्या लग्नाला निघाली होती. घाटात बस बंद पडली. इंजिनाचा आवाज, माणसांची ओरड, ऊन. ठरलेलं काहीतरी अचानक बदललं की या मुलांच्या पायाखालची जमीनच सरकते. पोरगा कान दाबून धरून ओरडायला लागला, डोकं पुढच्या सीटवर आपटायला लागला. आणि बसमधल्या बायका, हो, बायकाच, म्हणायला लागल्या, ‘‘दोन फटके द्या ना!’’ ‘‘लाडानं डोक्यावर बसवलंय.’’ ‘‘अशा मुलाला बाहेर काढायचंच कशाला?’’

‘‘फक्त एक म्हातारी आजी उठली,’’ ती सांगत होती. ‘‘तिनं काही विचारलं नाही. आपली खिडकीची जागा दिली आणि बाकीच्यांना म्हणाली, जरा गप बसा गं, लेकराला घाबरवू नका. दहा मिनिटांत तो शांत झाला. ताई, मला त्या आजीचं नावही माहीत नाही. पण दर दिवाळीला तिची आठवण येते.’’

मैत्रिणींनो, मी त्या बसमध्ये असते तर त्या आजीसारखी वागले असते, की इतरांसारखी? खरं सांगायचं तर मला खात्री नाही. कारण मलाही तोवर ठाऊक नव्हतं की हा हट्ट नसतो. आपल्याला जो हॉर्न नुसता मोठा वाटतो, तो अशा मुलाला कानात सुई टोचल्यासारखा वाटू शकतो. गर्दीचा स्पर्श, डिझेलचा वास, ट्यूबलाइटची फडफड, सगळं एकदमच अंगावर येतं. ते सहन होईनासं झालं की तो ओरडतो. फटका मारून ते थांबत नाही, वाढतं. आणि हे अपंगत्व दिसत नाही, म्हणून लोकांना सहानुभूतीही वाटत नाही. मुलगा अंगापिंडानं धडधाकट, मग दोष कुणाचा? अर्थात आईचा!

आता कायद्याचं बघू या. २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये तो लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात २१ आहेत आणि त्यात स्वमग्नताही आहे. बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं, विमानतळ, त्यातली स्वच्छतागृहं आणि तिकीट खिडक्या दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या, हे या कायद्यानं सरकारवर घातलेलं काम आहे. ती मेहेरबानी नव्हे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट सांगितलं, की अशा सोयींचे नियम नुसते ‘करा, जमलं तर’ अशा सल्ल्याचे असून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. आपल्या राज्यात तर २०२२ च्या डिसेंबरपासून दिव्यांग कल्याणाचं वेगळं खातं आहे.

सवलतीही आहेत. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते. रेल्वेत एकट्यानं प्रवास न करू शकणाऱ्या दिव्यांगाबरोबर त्याच्या सोबत्यालाही सवलत असते. हे सगळं चांगलंच आहे. पण काकू हसून मला म्हणाल्या ते खोटं आहे का? ‘‘बाई, तिकिटात सवलत आहे, पायरीत कुठे आहे?’’ बसची पहिली पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर येते. एका हातात कुबडी, दुसऱ्या हातानं दांडा, मागून ‘चला, चला’ करणारी गर्दी. पाय चुकला तर?

आणि जिथे रॅम्प म्हणजे उतार बांधलाय, तिथे तो कसा बांधलाय तेही बघा. नियम साधा आहे. एक फूट उंची चढायची तर उतार निदान बारा फूट लांब हवा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तीन फुटी पायऱ्यांच्या बाजूला पाच-सहा फुटांची घसरगुंडी केलेली असते. त्यावरून चाकाची खुर्ची चढवणारा माणूसच पडायचा. वर त्या उताराच्या तोंडाशी मोटारसायकली लावलेल्या! कागदावर मात्र रॅम्प झाला.

कुणी म्हणेल, थोड्या लोकांसाठी एवढा खर्च कशाला? थोडे? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली आणि त्यातले दहापैकी जवळजवळ सात जण खेड्यांत राहणारे होते. शिवाय तो उतार काय फक्त चाकाच्या खुर्चीसाठी असतो? आठव्या महिन्यातली सून, गुडघे गेलेली सासू, कडेवर पोर आणि हातात दोन पिशव्या घेतलेली तुम्ही-मी, सगळ्यांनाच तो लागतो. आज ना उद्या आपण प्रत्येकजण त्या पायरीपुढे थबकणारच आहोत.

पण नियम आणि बांधकाम यापलीकडे माणसांचा प्रश्न उरतोच. जीजा घोष या कोलकात्याच्या बाई. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. २०१२ साली त्या एका परिषदेसाठी गोव्याला निघाल्या होत्या. विमानात जागेवर बसल्या असताना त्यांना खाली उतरवण्यात आलं. त्या गप्प बसल्या नाहीत, न्यायालयात गेल्या आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. २०२२ च्या मे महिन्यात रांचीच्या विमानतळावर एका विशेष मुलाला, तो घाबरलेला आहे म्हणून, विमानात चढू दिलं नाही. त्यावेळी सोबतचे प्रवासी त्या कुटुंबाच्या बाजूनं उभे राहिले. पुढे त्या विमान कंपनीला ५ लाखांचा दंड झाला आणि नियमही बदलले. नुसत्या अपंगत्वाच्या कारणावरून आता विमानात जागा नाकारता येत नाही. विमान आपल्यापैकी कितीजणींच्या वाट्याला येतं, हा प्रश्न वेगळा. मला त्यात महत्त्वाचे वाटले ते सोबतचे प्रवासी. ती घाटातली आजी त्यांच्याच जातकुळीची.

चांगली उदाहरणंही आहेत. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ साली पाण्याच्या जवळपर्यंत जाणारी लाकडी वाट केली. आयुष्यभर लांबून समुद्र बघणारी माणसं चाकाच्या खुर्चीतून लाटांपाशी गेली. बंगळूरच्या विमानतळावर, ज्यांचं अपंगत्व दिसत नाही अशा प्रवाशांना गळ्यात घालायला सूर्यफुलाचं चित्र असलेली पट्टी मिळते. ती दिसली की तिथल्या माणसांनी ओळखायचं, की इथे थोडा धीर धरायचा, घाई करायची नाही. किती स्वस्त आणि किती शहाणपणाची गोष्ट! आपल्या बसच्या कंडक्टरला, स्टँडवरच्या चौकशी खिडकीतल्या माणसाला असं एका दिवसाचं शिक्षण द्यायला काय हरकत आहे?

आता आमच्या सहलीचं सांगते. पुढच्या बैठकीत मी सरळ माफी मागितली आणि म्हटलं, यादी पुन्हा करू या. थोडी कुरकुर झाली. एकीनं विचारलं, ‘‘आणि तो ओरडला तर?’’ मुलाची आईच म्हणाली, ‘‘ओरडेल. मी सांगते तेव्हा काय करायचं ते.’’ मग तिनं आम्हाला शिकवलं. गर्दीचा वार टाळायचा. त्याला कुठे जायचंय त्याचे फोटो आठ दिवस आधीपासून दाखवायचे. त्याची जागा पुढची, खिडकीची आणि जाताना-येताना तीच. कानावर लावायचा हेडफोन, रोजचा डबा, आवडती चादर बरोबर. ओरडला तर सगळ्याजणींनी भोवती गोळा व्हायचं नाही, सल्ले द्यायचे नाहीत, टक लावून बघायचं नाही. एवढंच! आधी तिनं त्याला दोन वेळा नुसतं पुढच्या गावापर्यंत बसनं नेऊन आणलं, रंगीत तालीम म्हणून.

सगळं छान पार पडलं असं नाही सांगणार. गडावर जायला २०१८ पासून ट्रॉली आहे, म्हणून पायऱ्यांची चिंता मिटली होती. पण ट्रॉलीच्या रांगेत तो बिथरलाच. आई त्याला घेऊन बाहेर आली. पण या वेळी ती एकटी नव्हती. आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर थांबल्या. एका झाडाखाली चादर पसरून त्यांनी दशम्या खाल्ल्या. त्यातली एक तीच, ‘ओरडला तर?’ विचारणारी. वर जाऊन आलेल्यांनी मग त्यांना पाळीपाळीनं मोकळं केलं आणि आईचं दर्शन झालं.

काकू वर आल्या. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून आल्या होत्या, त्यानंतर आत्ताच. देवीपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. कुणी ‘चला’ म्हटलं नाही.

मात्र परतताना एक गोष्ट कळली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. सकाळपासून काकूंनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. का? तर वाटेत कुठे त्यांना वापरता येईल असं बाथरूम मिळेल याचा भरवसा नव्हता. जेवायला थांबलो तिथलं होतं दोन पायऱ्या वर, आत ओलंचिंब, धरायला साधी दांडी नाही. एवढी सगळी तयारी केली आम्ही आणि हेच विचारायचं विसरलो! बायकांना हे वेगळं सांगायला नको. प्रवासात पाणी न पिण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. त्यांना ती जन्माची आहे.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या गावात मंडळ असेल, बचत गट असेल तर एक काम करा. एका दुपारी चौघीजणी आपल्या बसस्टँडवर जा. एखाद्या काकूंना बरोबर घ्या. उतार आहे का, त्यावरून खुर्ची जाते का, स्वच्छतागृहात दांडी आहे का, त्याला कुलूप तर नाही ना, बसायला सावलीत जागा आहे का, ते लिहून काढा आणि आगार व्यवस्थापकांना रीतसर अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका. ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे ग्रामसभेत विचारा. आम्ही आमचा अर्ज दिलाय. काकूंची सही पहिली आहे.

आणि पुढच्या वेळी सहलीची, लग्नाची, देवदर्शनाची यादी कराल तेव्हा एकदा मागे वळून बघा. कुणी ‘माझं धरू नका’ म्हणतंय का? ते नाव आधी लिहा, मग बाकीची. गाडीची वेळ, रस्ता, थांबा त्या नावाच्या सोयीनं ठरवा.

माझी ती मैत्रीण मे महिन्यात माहेरी जाणार आहे. मुलाला तिनं आजोळच्या घराचे फोटो दाखवायला सुरुवातही केली आहे. तिच्या बसमध्ये कोण कोण असेल, ठाऊक नाही. तुमच्यापैकीच कुणीतरी असाल. तेवढी खिडकीची जागा द्याल ना?