येताना आपण असतो, जाताना कुठे?

आपल्या मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एक रांग नव्या चेहऱ्यांची असते. पुण्याचे, नागपूरचे, कोल्हापूरचे आणि अलीकडे आमच्या छत्रपती संभाजीनगरचेही बरेच. कुणी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून आलेलं, कुणी बजाजनगरच्या कामगाराची लेक, कुणाचे वडील पैठणकडे मोसंबीची बाग सांभाळणारे. आपण त्यांना मोदक देतो, फोन नंबर घेतो, सिमकार्ड कुठे घ्यायचं, तूरडाळ कुठल्या दुकानात मिळते ते सांगतो. हे सगळं आपण मनापासून करतो आणि ते चालूच राहायला हवं.

पण दोन-अडीच वर्षांनी हीच मुलं जेव्हा परत निघतात, किंवा निघायचं की थांबायचं या पेचात असतात, तेव्हा आपल्यापैकी कुणालाही त्याची खबर नसते. एखाद्या दिवशी व्हॉट्सॲप गटावर 'अमुक यांनी गट सोडला' एवढीच ओळ दिसते. माझं म्हणणं असं की विद्यार्थ्याला मंडळाची खरी गरज येताना लागते त्याहून जास्त जाताना लागते. मंडळाचा वेळ, माणसं आणि थोडाफार पैसा आता त्या शेवटच्या आठवड्यांकडे वळवायला हवा.

येणाऱ्याला वाट दाखवणारे पुष्कळ आहेत. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय असतं, आधी आलेल्या मुलांचे गट असतात, संभाजीनगरात बसलेले सल्लागारसुद्धा बँकेत पैसे कसे अडकवून ठेवायचे इथपर्यंत सगळं पढवून पाठवतात. जाणाऱ्याला असं कुणीच नसतं. जर्मनीत उन्हाळी सत्र ३० सप्टेंबरला संपतं आणि दुसऱ्या दिवशी नवं सुरू होतं. ज्या दिवसांत आपण मखर, ढोलताशा आणि हॉलच्या आरक्षणात गुंतलेलो असतो, नेमक्या त्याच दिवसांत जुनी मुलं थिसिस टेकवून खोल्या रिकाम्या करत असतात. एका दाराने येणाऱ्यांवर आपण अक्षता टाकतो आणि दुसऱ्या दाराने जाणाऱ्यांकडे आपली पाठ असते.

त्या आठवड्यांत काय काय एकदम अंगावर येतं ते ज्यांनी अनुभवलं नाही त्यांच्यासाठी सांगते. देश सोडणार असाल तर पालिकेच्या कार्यालयात पत्ता रद्द करावा लागतो. तो दाखला दाखवल्याशिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी थांबत नाही, ती दरमहा मागे लागते. नाव विद्यापीठातून कमी झालं की विद्यार्थी म्हणून मिळणारा स्वस्त आरोग्यविमा जातो. थांबायचं असेल तर पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो, पण त्याचा अर्ज वेळेत करावा लागतो आणि तोवर पोट कशावर भरणार हे दाखवावं लागतं. घरमालकाकडे तीन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट अडकलेलं असू शकतं. ते खोली सोडल्याबरोबर हातात पडत नाही, हिशेब होऊन महिन्यांनी खात्यात येतं. मुलं मात्र घाईघाईत त्याआधीच बँकेचं खातं बंद करून मोकळी होतात.

गेल्या उन्हाळ्यात एका मुलीच्या खोलीची चावी देताना मी हजर होते. तिने दोन रात्री जागून घासपूस केली होती. नळांवरचा पांढरा क्षार व्हिनेगरने काढला होता, भिंतीतल्या खिळ्यांची भोकं बुजवली होती, मोरीच्या जाळीतले केस काढले होते. घरमालकाच्या माणसाने हात फिरवत फिरवत सगळं पाहिलं आणि स्वयंपाकाच्या पांढऱ्या ओट्यापाशी थांबला. कुकरशेजारी हळदीचा एक डाग होता, बोटभर लांबीचा. तो सोडा, लिंबू, बाजारातलं महागडं द्रावण, कशालाच दाद देत नव्हता. त्याने कागदावर 'ओटा खराब' असं लिहिलं आणि सही करायला कागद तिच्यापुढे सरकवला. तिला दुसऱ्या दिवशीचं विमान होतं. तिची जर्मन दुकानात भाजी घेण्यापुरती. कागदावर काय लिहिलंय ते न वाचताच ती सही करत होती. मी फक्त एवढंच म्हटलं की डाग मान्य आहे, पण संपूर्ण ओटा बदलण्याचा खर्च मान्य नाही असं खाली लिहा, मग सही होईल. त्याने कुरकुर न करता लिहिलं. यात मी काही मोठा तीर मारला नाही. तिथे भाषा येणारं, घाईत नसलेलं एक माणूस उभं असणं एवढंच लागत होतं. ते माणूस मंडळ देऊ शकतं.

पण कागदपत्रं आणि डिपॉझिट ही यातली सोपी बाजू. अवघड असते ती थिसिसची आणि घरच्या फोनची.

मास्टर्सचा थिसिस लांबतो. प्रयोग फसतो, सुपरवायझर महिनाभर सुट्टीवर जातात, आकडे जुळत नाहीत. इथे ही नेहमीची गोष्ट आहे, कुणी भुवई उंचावत नाही. पण तिकडे सिडकोतल्या घरी मात्र दोन वर्षांचा कोर्स म्हणजे दोन वर्षं. शैक्षणिक कर्जाचे हप्ते कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, त्या तारखेवर आईवडिलांची नजर असते. प्लॉट गहाण असतो. मग रोज संध्याकाळी फोन: "झालं का गं सबमिट? तिकीट काढायचं का? शेजारच्यांचा मुलगा तर आलासुद्धा." मुलगी म्हणते, "होत आलंय, आई." ते होत आलेलं नसतं. मग ती फोन उचलणं टाळते. मग आपल्या कार्यक्रमांना येणं टाळते, कारण तिथेही कुणी ना कुणी मावशी तेच विचारते. आपला प्रश्न प्रेमाचा असतो, हे खरं. पण त्या दिवसांत तो टोचतो.

अशा वेळी मला आपल्याच इतिहासातली एक गोष्ट सांगावीशी वाटते, आणि ती आमच्या शहराशी जोडलेली आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियातला अभ्यास करून १९१६ च्या ऑक्टोबरात लंडनला आले, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंडांची, आधीच वाढवून मिळालेली होती. १९१७ मध्ये ती संपली. अभ्यास अर्धा होता. चार वर्षांच्या आत परत येऊन पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ते निघाले. महायुद्ध चालू होतं. सामान आणि पुस्तकं दुसऱ्या बोटीने पाठवली होती, ती बोट पाणतीराने बुडाली. पै पै वाचवून जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. हाती आली ती सहाशे रुपयांची नुकसानभरपाई.

दुसरी खेप १९२० ची. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली, १९२२ मध्ये बॅरिस्टरी झाली, ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर झाला. मार्च १९२३ मध्ये तो पुन्हा लिहून द्यायला सांगण्यात आलं. ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या चलनधोरणावरची टीका परीक्षकांना झोंबली होती. पैसे संपले होते. थांबून पुन्हा लिहिणं शक्य नव्हतं. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईत उतरले ते डी.एस्सी. न घेता. प्रबंध त्यांनी मुंबईत बसून पुन्हा लिहिला, निष्कर्ष तसेच ठेवले, ऑगस्टपर्यंत लंडनला पाठवला आणि नोव्हेंबरमध्ये पदवी मिळाली. वर्ष संपायच्या आत त्याचं पुस्तकही निघालं, प्रा. एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह. त्या प्रस्तावनेत कॅनन यांनी काही मुद्द्यांवर उघड मतभेद नोंदवले आहेत, आणि तरीही ते या विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहिले.

लंडनच्या सहलीला गेलं की आपण १० किंग हेन्रीज रोडवरच्या घरापाशी उभं राहून फोटो काढतो. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ती वास्तू घेतली. तिथे जरूर जावं. पण आपल्या मुलांना मी त्या घराबरोबर १९२३ चा तो मार्चही सांगते. प्रबंध परत आला, पैसे संपले, हात रिकामे घेऊन घरी जावं लागलं, असं ज्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आलं तो पुढे कोण झाला हे कुणाला सांगावं लागत नाही. उशीर होणं म्हणजे नापास होणं नव्हे, हे थिसिसमध्ये अडकलेल्या मुलीला आणि त्याहून अधिक तिच्या आईवडिलांना कुणीतरी सांगायला हवं. ते काम विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र करू शकत नाही, कारण त्याला सिडकोत मराठीत फोन लावता येत नाही. आपल्याला येतो.

याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये आमच्या शहरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय काढलं, आजचं मिलिंद. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. त्या परिसराला त्यांनी नागसेनवन म्हटलं. निजामी मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेल्या, खिशात काही नसलेल्या मुलांसाठी तिथे वर्गांबरोबर वसतिगृहंही उभी राहिली. शिकायला आलेल्याला राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण नसेल तर नुसत्या प्रवेशाला अर्थ नाही, हे जाणणाऱ्या माणसाचं काम मला त्यात दिसतं. मी त्या रस्त्याने शाळेत जात असे, त्यामुळे मला ते जास्त जवळचं वाटत असेल. पण मुद्दा माझ्या ओढीचा नाही. आज महाराष्ट्र शासन राजर्षी शाहूंच्या नावाने अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशी शिष्यवृत्ती देतं, दरवर्षी पंचाहत्तर जणांना. शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता, विमानाचं भाडं असं त्यात येतं. पण शिष्यवृत्ती कोणतीही असो, तिला मुदत असते, आणि थिसिस त्या मुदतीला जुमानत नाही. १९१७ मध्ये हेच घडलं, आजही हेच घडतं. मधल्या त्या दीड-दोन महिन्यांच्या फटीत भथेनांसारखं कुणीतरी लागतं.

कार्यकारिणीत मी हे मांडलं तेव्हा तीन आक्षेप आले. पहिला, आपण सांस्कृतिक मंडळ आहोत, समाजसेवा संस्था नाही. मला हा भेद पटत नाही. ज्या मुलाच्या खोलीत सामान बांधायला कुणी नाही त्याला आपण नाट्यसंगीताच्या मैफलीचा पास देतो, तर ती संस्कृती त्याच्यापर्यंत कशी पोचणार? दुसरा, ही मुलं सज्ञान आहेत. आहेतच. सज्ञान माणसालाही अनोळखी भाषेतल्या कागदावर सही करताना शेजारी कुणी असलं तर बरं वाटतं. तिसरा आक्षेप वजनदार आहे: जी माणसं निघून जाणार त्यांच्यावर मंडळाची शक्ती का घालवायची? ती पुढे वर्गणी भरणार नाहीत, नाटकात काम करणार नाहीत. हे खरं आहे, आणि तरीही मी म्हणते की त्यांच्यावरच घालवावी. परत गेलेली मुलं आपल्याबद्दल जे सांगतात त्यावर पुढची मुलं आपल्याकडे येतात की बिचकून दूर राहतात हे ठरतं. आणि समजा तेही नसलं, तरी वर्गणी न भरणाऱ्याला मदत करू नये असा नियम आपल्यापैकी कुणाच्या घरी होता?

शेवटचे आठवडे नुसते निस्तरण्यात जाऊ नयेत असंही मला वाटतं. आईवडील पदवीदानाला येतात आणि पॅरिस, स्वित्झर्लंड, ॲमस्टरडॅम असं आठ दिवसांत उरकतात. हौस आहे, होऊ द्यावी. पण विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजातून १९०३ मध्ये परत निघाले तेव्हा जाता जाता ॲमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत हिंदुस्थानातल्या उदार धर्माबद्दल निबंध वाचून गेले. तिथल्या वास्तव्यात गरिबांच्या वस्त्यांत चालणारं काम त्यांनी नीट पाहून ठेवलं होतं. तीन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९०६ ला, मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू झालं. आमच्या शहराला तर अशा नजरेची फार गरज आहे. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत, जायकवाडीचं पाणी शहरात आणण्याच्या कामात, वेरूळच्या दगडाची निगा राखण्यात इथलं काय उपयोगी पडेल, हे विचारायला इथली कार्यशाळा, जलशुद्धीकरण केंद्र, संग्रहालय पुन्हा एकदा पाहावं लागतं. ती दारं उघडून देणारे अभियंते आणि संशोधक आपल्या सभासदांतच आहेत. निघण्याआधी एखादा दिवस त्यांनी अशा मुलाला आपल्या कामाच्या जागी नेलं, तर त्याचं मोल आयफेल टॉवरपेक्षा कमी ठरणार नाही.

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे. थिसिस लांबलेल्यांसाठी बिनव्याजी, दोन महिन्यांपुरतं छोटं कर्ज देणारा निधी, दिवाळी पहाटेच्या खर्चातून थोडी रक्कम काढून उभारावा. खोली सोडताना सोबत जाणाऱ्यांची यादी असावी. मागे राहिलेल्या डिपॉझिटचा आणि उशिरा येणाऱ्या पदवीच्या कागदाचा पाठपुरावा विद्यार्थ्याने लेखी अधिकारपत्र दिल्यास सभासदाने करावा. आणि घरच्यांशी बोलायला, त्याच गावाकडचं कुणी असेल तर उत्तमच, एक वडीलधारं माणूस असावं.

उन्हाळी सत्र ३० सप्टेंबरला संपतंय. ज्यांच्या घरी एखादी खोली, तळघरात चार खोक्यांपुरती जागा किंवा एखादी सकाळ मोकळी आहे, त्यांनी ऑगस्ट संपायच्या आत चिटणिसांकडे नाव द्यावं. आमच्या घरची मागची खोली मी आधीच लिहून दिली आहे. तिथे स्वयंपाकाचा ओटा गडद रंगाचा आहे, हळदीची काळजी नाही.