ट्रान्सप्लांट गेम्स : धावतो कोण, किडनी कुणाची?

किडनी, लिव्हर, अगदी हृदय बदललेली माणसं इथे धावतात, पोहतात, बॅडमिंटन खेळतात. सर्जन मॉरिस स्लॅपक यांनी १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला ही स्पर्धा सुरू केली. २०२३ मध्ये ती ऑस्ट्रेलियात पर्थला झाली, २०२५ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनला.

खेळाडूसोबत बहुतेक वेळा घरचेही येतात. आणि गोळ्यांचा डबा! शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून या गोळ्या रोज, ठरल्या वेळी, आयुष्यभर घ्याव्या लागतात. प्रवासात त्या हातातल्या बॅगेतच हव्यात. सामान हरवलं तर पदकाचं सोडाच, किडनीच धोक्यात.

भारतीय कुटुंबाची गोष्ट आणखी वेगळी. मृत्यूनंतर अवयवदान करणारे आपल्याकडे दहा लाखांमागे एकाहूनही कमी. म्हणून बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत दात्यांच्या भरवशावर होतात. देणाऱ्यांत बायका जास्त, मिळणाऱ्यांत पुरुष. थोडक्यात, धावणाऱ्याची किडनी अनेकदा आईची नाहीतर बायकोची. तरी व्हायरल होतो तो पदकाचा फोटो, आणि ती त्यात 'सोबत आलेली'.

खरंतर या स्पर्धेत जिवंत दात्यांनाही काही प्रकारांत उतरता येतं. मृत दात्यांच्या नातेवाइकांनाही.