घासाघीस : कुणाशी आणि कुणाच्या जिवावर?

मैत्रिणींनो, एका पिशवीची गोष्ट सांगते. गोष्ट माझ्याच शहाणपणाची आहे, म्हणून लाज जरा बाजूला ठेवून सांगावी लागते आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाचे तीन दिवसांचे शिबिर गोव्यात झाले. विषय होता असंघटित क्षेत्रातील स्त्रिया. चर्चा जोरदार झाल्या, गाणी झाली, ठराव झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सातजणी उत्तर गोव्यातल्या एका किनाऱ्यावर गेलो. वाळूत बसतो न बसतो तोच खांद्यावर गाठोडे घेतलेली एक लमाणी बाई समोर आली. गाठोडे सोडले. आरशांच्या पिशव्या, कवड्यांचे पट्टे, मण्यांच्या माळा. एका पिशवीवर माझी नजर अडकली. तिने सहाशे सांगितले. मी दोनशे म्हटले. ती हसली, मी उठल्यासारखे केले. ती "दीदी, बोहनी का टाइम है" म्हणाली आणि अडीचशेला पिशवी माझ्या हातात आली. मग बाकीच्या सहाजणींनीही त्याच भावाने घेतल्या. "तू होतीस म्हणून!" असे दोघी-तिघी म्हणाल्या. मला बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी सकाळी पणजीत एका दुकानात शिरलो. काचेचे दार, आत गारवा, मंद दिवे. तिथे तशीच आरशांची पिशवी लाकडी खुंटीला टांगलेली होती. कापड बरे होते, अस्तर होते, पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर 'हस्तकला' असे छापले होते. किंमत दोन हजार आठशे. बहिणीच्या मुलीच्या लग्नात द्यायला म्हणून मी ती घेतली. फोन पुढे केला, पैसे दिले, वर "थँक्यू" म्हटले. "थोडे कमी होईल का?" हा प्रश्न माझ्या ओठांवर आलाच नाही. विचारायची लाज वाटली असती.

वाळूवर वाटली नाही ती लाज काचेआड कुठून आली?

आपण बायका घासाघीस कुठे शिकलो? स्वयंपाकघरात. हातात मोजून दिलेल्या पैशांत महिना काढायचा, भाजीवाल्या मावशीकडून कोथिंबिरीची काडी वरून मागून घ्यायची, आणि संध्याकाळी घरच्या पुरुषाने "हुशार आहे हो आमची" म्हणायचे. पुरुषप्रधान घरात बाईच्या हाती जी थोडीशी सत्ता दिली जाते ती हीच. घराच्या किमतीवर आपले मत विचारत नाहीत, गाडीच्या किमतीवर विचारत नाहीत. डॉक्टरच्या फीवर आणि शाळेच्या देणगीवर आपण घासाघीस करत नाही. आपली सारी हुशारी जिच्यापुढे चालते ती बाई आपल्याहून गरीब असते. ज्या सत्तेने आपल्याला खाली ठेवले, तिचीच छोटी आवृत्ती आपण डोक्यावर पाटी असलेल्या बाईवर चालवतो आणि त्याला काटकसर म्हणतो.

गाडी रात्रीची होती. दुपारी पुन्हा किनाऱ्यावर गेले तर ती बाई माडाच्या सावलीत बसलेली. गाठोडे नव्हते. सकाळी गणवेशातली माणसे येऊन उचलून घेऊन गेली होती. मी शेजारी बसले. मोडक्यातोडक्या हिंदीत, मध्ये कोकणी, मध्ये मराठी, असे आम्ही बोललो. ती गदगकडची. गोव्यात तिला वीस वर्षे झाली, तिन्ही मुले इथेच जन्मली. पिशव्या तिने शिवलेल्या नव्हत्या. ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर दोनशेला एक अशा उचललेल्या होत्या. आरसे आणि कवड्या तिने रात्री बसून लावल्या होत्या. आदल्या दिवशी सकाळपासून तीनदा गाठोडे उचलून पळावे लागले होते, म्हणून संध्याकाळ झाली तरी भवानी व्हायची होती. हातातले गिऱ्हाईक घालवायची तिची हिंमत नव्हती.

हिशेब करा. सात पिशव्या, प्रत्येकी पन्नास रुपये. आम्ही सातजणींनी मिळून तिला साडेतीनशे रुपये दिले होते, त्यात तिच्या रात्रीची मजुरी आली, कवड्या आल्या, पळापळ आली. 'असंघटित क्षेत्रातील स्त्रिया' या विषयावरच्या शिबिरात आमचा एका वेळचा चहा-नाश्ता याहून महाग होता.

मी विचारले, खरे भरतकाम कुठे मिळेल? ती म्हणाली, खरे आईच्या फेटियावर आहे, ते विकायचे नसते.

आता मला ठाऊक असलेले आक्षेप घेते. शिबिरातून परतल्यावर आमच्याच बैठकीत ते आले.

पहिला आक्षेप : माल अस्सल नाही, यंत्राचा आहे, मग जास्त पैसे का द्यायचे? बायांनो, अस्सल माल स्वस्त कुणी मागितला? टाक्या-टाक्याने भरलेल्या कापडाला दिवसच्या दिवस लागतात. त्या दिवसांची मजुरी धरली तर अडीचशेत टाकेसुद्धा येणार नाहीत. आपण 'स्थानिक, हाताचे आणि स्वस्त' असे तिन्ही एकदम मागतो. हे तिन्ही एकत्र मिळते ते बाईच्या हाताची किंमत शून्य धरली तरच. ती शून्य धरायला तयार झाली नाही, तिने यंत्राचा माल आणला. यात फसवणूक कुणी कुणाची केली?

दुसरा आक्षेप : या बाया मूळच्या गोव्याच्या नाहीत, 'भायल्या' आहेत. गोव्यातल्या मैत्रिणींचे दुःख मला कळते. जमिनीचे भाव, पाणी, कचरा, 'मौजमजेचा प्रदेश' म्हणून होणारी आपल्या भूमीची आणि बायांची जाहिरात, याविरुद्ध त्या १९८० च्या दशकापासून बोलत आल्या आहेत. 'बायलांचो साद' सारखे गट त्याच काळात उभे राहिले. पण किनाऱ्यावर हॉटेल बांधणारा भायला आणि त्या हॉटेलासमोर माळा विकणारी भायली यांना एकाच मापाने मोजायचे का? रेल्वे येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेणारे लोक लमाणच होते. समुद्राच्या मिठाशी त्यांचे नाते पर्यटनापेक्षा पुष्कळ जुने आहे. इंग्रजी राजवटीत रेल्वेने त्यांचा व्यापार बुडवला, आणि १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला. आज बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो. कायदा गेला, पण गाठोडे दिसले की संशय घेण्याची सवय गेली का?

आणि जी मूळची गोव्याची, तिचे तरी काय झाले? लाल चौकड्यांची कुणबी साडी ही भातलावणीत गुडघ्यापर्यंत खोचून नेसायची, कष्टाची साडी. ती विणणारे माग गोव्यातून जवळजवळ नाहीसे होईपर्यंत कुणी विचारले नाही. पुढे वेंडेल रॉड्रिग्स यांनी ती फॅशनच्या मंचावर नेली आणि तिला मोल आले. त्यांनी केले ते चांगलेच केले. पण चिखलात उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर असताना त्या साडीला मोल नव्हते, ही गोष्ट आपण विसरायची का?

तिसरा आक्षेप : कायदा आहे, किनारा स्वच्छ राहायला हवा. जरूर राहायला हवा. पण कायदा म्हणतो तरी काय? रस्त्यावर विक्री करणे हा वाजवी निर्बंधांसह मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदानसिंग प्रकरणात सांगितले. पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा २०१४ साली झाला. त्यात नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के सदस्य विक्रेते आणि त्यांच्यातल्या एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे लिहिले आहे. दुसऱ्या बाजूला, पर्यटनस्थळांच्या संरक्षणाच्या गोव्याच्या २००१ च्या कायद्यात २०२५ साली दुरुस्ती झाली. उपद्रवाच्या यादीत उघड्यावर दारू पिणे, बाटल्या फोडणे यांच्या जोडीला ठरवून दिलेल्या जागेबाहेर माल विकणेही आले, आणि दंड एक लाख रुपयांपर्यंत गेला. बाटली फोडणारा आणि बटवा विकणारी एकाच यादीत! बाटली फोडणारा सुट्टी संपली की घरी जातो. बटवा विकणारीने एक लाख कुठून आणायचे?

ठरवून दिलेली जागा हवी, तर ती ठरवणाऱ्या समितीत ही बाई बसली पाहिजे. तिला न विचारता जागा ठरते तेव्हा ती गिऱ्हाईक फिरकत नाही अशा कोपऱ्यात ठरते.

गंमत पाहा. २०२३ साली जी-२० च्या संस्कृती गटाची बैठक हंपीला झाली, तेव्हा साडेचारशेहून अधिक लंबाणी स्त्रियांनी भरलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडून जागतिक विक्रम नोंदवला गेला. संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकनही आहे. म्हणजे पाहुण्यांपुढे मांडताना तो वारसा, आणि त्याच समाजाच्या बाईने वाळूवर मांडला की उपद्रव. भरतकाम हवे, भरणारी नको.

आता सगळ्यात अवघड भाग. आपल्या मागच्या अधिवेशनाच्या पिशव्या आठवतात? बचत गटाच्या बायांनी साठ रुपये सांगितले होते. आपण "चळवळीचे काम आहे" म्हणून पंचेचाळीसवर आणले, आणि पत्रकात अभिमानाने छापले, 'महिला बचत गटाने तयार केलेल्या पिशव्या'. छपाईवाल्याचे बिल मात्र जसेच्या तसे दिले. त्या वाटाघाटी करायला मीच गेले होते. 'घरकामाला मोल द्या' ही घोषणा देणारा गळाही माझाच होता.

कुणी म्हणेल, मग काय दान करायचे? नाही. दान नको, किंमत द्या. दानात देणारी मोठी होते, किमतीत दोघी बरोबरीच्या राहतात. माझ्या सूचना साध्या आहेत. एक, जिचा माल डोक्यावर किंवा खांद्यावर आहे तिच्याशी घासाघीस नाही. परवडत नसेल तर न घेता नमस्कार करून पुढे जा. दोन, घासाघीस करायची हौस असेल तर काचेच्या दारातून आत जा आणि विचारा : यातले भरणारीला किती मिळाले? तीन, शंख, प्रवाळ यांच्या वस्तू घेऊ नका. त्यांतल्या अनेक जाती वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. चार, आपल्या संघटनांनी कोणतीही खरेदी करताना वस्तूमागे किती तास गेले ते विचारावे, त्याचे किमान वेतन काढावे आणि मगच भाव ठरवावा. पाच, शिबिर ज्या गावी असेल तिथल्या पथविक्रेता समितीत बाया आहेत का, समिती आहे तरी का, हे त्या नगरपालिकेला लेखी विचारावे. किनाऱ्यावरच्या विक्रेत्यांचा प्रश्न गोव्यातल्या मैत्रिणींनी आणि आपण मिळून उचलावा, भायल्या-आतल्या असा भेद न करता.

त्या दिवशी निघताना मी तिला पाचशेची नोट पुढे केली. तिने घेतली नाही. म्हणाली, "सामान छुडाने दो, फिर आओ, खरीदो." ती दुकानदार होती. माझ्या ते तोपर्यंत लक्षातच आले नव्हते.

अडीचशेची पिशवी मी बैठकीला घेऊन येते. कुणी विचारले, केवढ्याला घेतली? तर आता भाव सांगते, आणि हा हिशेबही सांगते. पुढच्या अधिवेशनाच्या पिशव्यांचा विषय येत्या बैठकीत निघेल. त्या वेळी साठ रुपयांना कुणी "जरा जास्त होतात" म्हणाली, तर मी गप्प बसणार नाही. तुम्हीही बसू नका.