कादंबरी खोटी, आत्मकथन खरे?

नारायणगावला खेटून वसलेल्या वारूळवाडीतील वाचकाच्या एका अंगाला शिवनेरी आहे आणि दुसऱ्या अंगाला तमाशाच्या राहुट्या. शिवनेरीवर जन्मलेल्या राजावर व त्याच्या वारसांवर मराठीत कपाटभर कादंबऱ्या आहेत. राहुट्यांतील माणसांवर मोजकीच पुस्तके. इतिहासप्रेमी तरुणांत सध्या बोकाळलेले एक मत या दोन फडताळांसमोर उभे राहून तपासण्याजोगे आहे.

ते मत असे : कादंबरी म्हणजे भेसळ आणि आत्मकथन म्हणजे प्रत्यक्ष साक्ष. ‘छावा’ किंवा ‘पानिपत’ वाचून ‘रंजक आहे, पण इतिहास नव्हे’ असा शेरा मारायचा. ‘माझा प्रवास’ वाचून ‘हाच खरा इतिहास’ म्हणून मोकळे व्हायचे. पहिल्या शेऱ्यात तथ्य आहे. कादंबरीतले संवाद राजांचे अस्सल उद्गार म्हणून फिरवणाऱ्यांना तो ऐकवलाच पाहिजे. दुसरा शेरा मात्र निव्वळ आळसातून येतो.

विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते दक्षिणेच्या आशेने, आणि सापडले झाशीच्या वेढ्यात. ही हकीकत त्यांनी लिहिली सुमारे पाव शतकानंतर, आठवणीतून. ती छापली गेली १९०७ साली, तीही चिं. वि. वैद्यांनी मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ द. वा. पोतदारांनी वाचकांपुढे ठेवला तो १९६६ मध्ये. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक वैद्यांचा हात फिरलेले वाक्य गोडसे भटजींची साक्ष म्हणून वाचत होता!

याने पुस्तकाचे मोल उणावत नाही. वेढ्यात अडकलेल्या गरीब भिक्षुकाची भीती आणि गाठीच्या पैशाची काळजी कोणत्याही सरकारी अहवालात सापडायची नाही. पण कधी लिहिले, कोणासाठी लिहिले, मध्ये कोणाचा हात लागला, हे प्रश्न आत्मकथनालाही चुकत नाहीत.

उलट ‘श्रीमान योगी’ उघडावी. तिच्या आरंभी नरहर कुरुंदकरांची दीर्घ पत्ररूप प्रस्तावना आहे. शिवचरित्राकडे चिकित्सकपणे कसे पाहावे, याचा वस्तुपाठ कादंबरीच्याच बांधणीत शिवलेला आहे. बहुतेक वाचक ती पाने ओलांडून थेट कथेत शिरतात आणि पुढे कादंबरीत चिकित्सा नसते अशी तक्रार करतात.

आता दुसरे फडताळ. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातून पुढे आलेल्या विठाबाई २००२ साली वारल्या. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या, त्या आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत नारायणगावात कोणीही सांगेल. त्यांचे आयुष्य पुस्तकात आले ते योगीराज बागूल यांच्या लेखणीतून. इथे मात्र चिकित्सक वाचक ताबडतोब विचारतो : पुरावा काय?

जरूर विचारावा. पण मग तोच प्रश्न गोडसे भटजींनाही, त्याच स्वरात विचारावा. एकाची स्मृती ‘साधन’ आणि दुसरीची स्मृती ‘दंतकथा’, ही विभागणी पुराव्याची नव्हे. एकाच्या हाती बोरू होता आणि दुसरीच्या पायात चाळ होते, एवढाच तो फरक आहे.

म्हणूनच अण्णा भाऊ साठे यांची ‘वैजयंता’ ललित म्हणून बाजूला सारणे महागात पडते. अण्णा भाऊ स्वतः तमाशाच्या फडात वावरलेले होते. त्यांच्या नायिकेच्या नावाचे कोणी तमासगीर प्रत्यक्षात होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. बारीवर उभ्या राहणाऱ्या बाईकडे प्रेक्षक कसे पाहतात आणि तिला काय सोसावे लागते, याविषयी त्या जगात राहिलेला माणूस बोलतो आहे. तिथे आत्मचरित्रे फारशी लिहिलीच गेली नाहीत. मग साक्ष कादंबरीत उतरली तर दोष कोणाचा?

पेशव्यांच्या जमाखर्चाचा कागद पुण्याच्या दप्तरखान्यात सापडतो. पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला बसतात, तिथल्या वह्या कोणत्या दप्तरखान्यात आहेत? वारूळवाडीच्या वाचकाला त्या राहुट्या पायी गाठता येतात, आणि विचारले तर सांगणारी माणसे तिथे अजून आहेत.