नळाला दुसरा पर्याय नसतो

१९८९ साली मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने इंग्लंड आणि वेल्समधल्या दहा पाणी कंपन्या शेअर बाजारात विकल्या. विकण्याआधी त्यांच्यावरचे सुमारे ५ अब्ज पौंडांचे कर्ज माफ करून पाटी कोरी करून दिली. त्यांपैकी लंडनला पाणी पुरवणाऱ्या टेम्स वॉटरवर आज १५ अब्ज पौंडांहून अधिक कर्ज आहे. सांडपाण्याच्या व्यवस्थेतली कुचराई आणि नियम डावलून वाटलेला लाभांश यांबद्दल मे २०२५ मध्ये तिला १२ कोटी २७ लाख पौंडांचा दंड झाला. यावरून ‘खासगीकरण फसले’ असा निकाल देणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. थॅचर यांनीच १९८७ मध्ये विकलेली ब्रिटिश एअरवेज परत घ्या, असे आज कुणी फारसे म्हणत नाही. २०१९ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने ब्रिटिश टेलिकॉमच्या राष्ट्रीयीकरणाचा विषय काढला, तोही ब्रॉडबँडच्या जाळ्याशी निगडित भागापुरताच. प्रश्न मालक कोण हा नसून गिऱ्हाइकाला दुसरे दुकान आहे का, हा आहे. विमान कंपनी न आवडल्यास प्रवासी दुसरे तिकीट काढतो. घरात येणारी जलवाहिनी मात्र एकच असते.

रेल्वेने हाच धडा अधिक कठोरपणे दिला. ब्रिटनने १९९६ मध्ये रूळ आणि सिग्नल ‘रेलट्रॅक’ या खासगी कंपनीकडे सोपवले, गाड्या वेगळ्या कंपन्यांना दिल्या आणि देखभाल कंत्राटदारांवर टाकली. ऑक्टोबर २००० मध्ये हॅटफिल्डजवळ तडे गेलेला रूळ गाडीखाली फुटला आणि चार जण दगावले. तडे आधीच लक्षात आले होते, पण रूळ वेळेत बदलला गेला नाही. वर्षभरात रेलट्रॅक दिवाळखोरीत गेली. आता २०२४ च्या कायद्याने प्रवासी गाड्याही टप्प्याटप्प्याने सरकारकडे परतत आहेत.

यावर आक्षेप असा, की सरकारी मालकीतही पैशाची उपासमारच होती. ते खरे आहे. विक्रीपूर्वी ब्रिटिश जलव्यवस्थेतली गुंतवणूक अर्थखात्याच्या काटकसरीत अडकत असे. फ्रान्समध्ये बहुतांश सरकारी मालकीच्या ‘ईडीएफ’ या वीज कंपनीला २०२२ मध्ये जवळजवळ १८ अब्ज युरोंचा तोटा झाला. बंद पडलेल्या अणुभट्ट्यांबरोबरच सरकारने लादलेली स्वस्त वीजही त्याला कारणीभूत होती. तरीही पुढच्याच वर्षी फ्रान्सने ती पूर्णपणे ताब्यात घेतली. दुसरा आक्षेप जपानचा. १९८७ मध्ये तिथली राष्ट्रीय रेल्वे सुमारे ३७ लाख कोटी येनच्या कर्जासह मोडीत निघाली आणि तिच्या तुकड्यांतून ‘जेआर ईस्ट’सारख्या भक्कम कंपन्या उभ्या राहिल्या. पण तिथे रूळ आणि गाड्या एकाच हाती राहिल्या, कर्जाचा मोठा वाटा सरकारी खात्यावर गेला आणि विरळ वस्तीच्या होक्काइदोची रेल्वे आजही सरकारच्याच मालकीची आहे. म्हणजे नफा होता तिथेच बाजार पोहोचला.

म्हणून विकसित देशांत आज दिसते ती चाळणी आहे: स्पर्धा असलेले धंदे बाजारात टिकतात, मक्तेदारीची जाळी सरकारकडे परत येतात. एकच वाहिनी असलेला धंदा विकायचाच असेल, तर नियामक आधी बळकट हवा आणि कर्जाला व लाभांशाला मर्यादा विक्रीच्या करारातच हवी. ब्रिटनने आपल्या पाणी नियामकालाच, ‘ऑफवॉट’ला, गुंडाळण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले. छत्तीस वर्षांनी नियामक नव्याने उभा करताना दुरुस्तीचा पैसा पाणीपट्टीतूनच येणार आहे.